पाठमोरा

न्हाई न्हाई ताई, सही मागनं. तो संमतीचा कागुद ठेवा तितं पाटावर, वर हा पानाचा डबा ठेवा म्हंजी उडायचा न्हाई — या वक्ताला धरणावरनं वारं येतं. आधी बोलू, मंग खाली नाव घालू. नाव काय पळून जातंय व्हय. तर तुमचा इषय — म्हणा परत एकदा — लोकांच्या आवडीच्या शिनेमातली वळख आन स्वत्व. स्वत्व म्हंजी माणूस 'मी' म्हणतो तवा आतनं कोण बोलतं ते, असंच ना? व्हय, समजलं, मी काय अगदीच अडाणी न्हाई, सातवी झालीया. तर ह्याच्यावर तुमी बुक लिवताय, आन त्यापायी बावधनवरनं गाडी मारत हितं मालेपतूर आलाय, तंबूतल्या शिनेमाच्या एका म्हाताऱ्या आपरेटरला गाठायला. चांगलं केलंत. आता कुणी इचारत न्हाई. नातवंडं मोबाईलवर बोटभर शिनेमा बघत्यात, त्यांना सांगितलं की मी बारा वर्सं मशीन चालवलं, तर म्हणत्यात, आबा, कसलं मशीन, पिठाचं का. — घरात? घरात मी, मंडळी, पोरगा, सून, दोन नातवंडं. भाऊबंद न्हाई. एकलाच मी.

तर ऐका. माघ लागला की आमची गाडी निघायची — ट्रकात तंबू, मशीन, जनरेटर, रिळांच्या पेट्या, आन वर आमी सात-आठ जण. जत्रा जिकडं, तिकडं आमी. आन बारा वर्सांत मला एक गोष्ट कळली. लोकांना मारामारी आवडती, गाणी आवडत्यात, पर तंबूत खरी चिडीचूप कवा व्हायची — तर एका माणसाची दोन माणसं झाली की. डबल रोल. एक गरीब एक श्रीमंत, एक हवालदार एक चोर, तोंड तेच. मातीवर बसल्याली सगळी माणसं एकदम गप. का? तुमी शिकलेल्या, तुमी सांगा. — आरसा. बरं. पुस्तकात आरसा म्हणलाय. मला न्हाई तसं वाटत. आरशातला माणूस आपल्याला सोडून कुटं जात न्हाई. डबल रोलमधला दुसरा उठतो आन आपल्या घरी जाऊन आपल्या ताटावर बसतो. त्याचं भ्या वाटतं माणसाला — की आपल्या जागी दुसरा बसला तर कळंल का कुणाला. बायकोला कळंल का. आईला तरी कळंल का. आन शिनेमात आईला कळतंच, ते ठरल्यालं असतं. सगळं जग फसतं, आई फसत न्हाई — ती नुसता डोक्यावरनं हात फिरवती आन म्हणती, तू माझा न्हवं. की लागला बायांचा पदर डोळ्याला. मी मशीनमागनं बघायचो. मला पण ते खरं वाटायचं.

आन ते करायचे कसं, ठावं हाय? आता संगणकावर करत्यात म्हणं. तवा क्यामेऱ्याच्या भिंगावर अर्ध्यात काळा कागुद लावायचा. उरल्याल्या अर्ध्यात हिरो उभा राहून बोलायचा — समोर कुणी न्हाई, नुसत्या हवेशी बोलायचा, भांडायचा. मंग फिल्लम उलटी गुंडाळायची, कागुद दुसऱ्या बाजूला लावायचा, ह्यानं कापडं बदलायची आन हिकडनं जबाब द्यायचा. मधी एक रेघ राहायची. तुमाला दिसली नसती, मला दिसायची — बारीक रेघ, पडद्याच्या मधोमध, थरथरायची. रेघेच्या पल्याड हात न्यायचा न्हाई, नेला की कापला जायचा. मंग दोघांना खरंच मिठी मारायची असंल तर? तर दुसरा माणूस आणायचा, डुप्लिकेट. उंची तीच, केस तसेच, शर्ट तोच, आन त्याला पाठमोरा उभा करायचा. हिरोचं तोंड दिसतं, ह्याची पाठ दिसती. हाताची मिठी खरी असती, पर ह्याचं नाव पाटीवर येत न्हाई. हे घाला तुमच्या बुकात. वळखीचं बुक लिवताय तर पाठमोऱ्या माणसाचं एक पान पायजेच त्यात. हे सगळं मला बहिरूनं सांगितल्यालं, त्यो शूटिंगवाल्यांत — बहिरू म्हंजी, असंच, गावातला एक व्हता.

वाजू द्या फोन. न्हाई, कुणी न्हाई, जागावाले असत्यात, प्लॉट हाय का इचारत्यात. दिवसातनं धा वेळा.

तर दुसरं तुमच्या कामाचं — डोक्याला मार बसून सगळं इसरणारा हिरो. हसू नका, लई खोल हाय ते. नदीत वाहत येतो, कोळ्याच्या घरी का कुणाच्या घरी पडून राहतो, नाव ठावं न्हाई, गाव ठावं न्हाई. त्या घरातली पोरगी त्याला दूध देती, नाव ठेवती, जीव लावती. हा पण लावतो. वरीसभर राहतो, हसतो, भात लावतो त्यांच्यासंगं. मंग पुन्ना डोक्याला मार बसतो, आन डोळं उघडून म्हणतो, मी कुटं हाय. आपल्या पहिल्या बायकोकडं निघून जातो. सगळी टाळ्या वाजवत्यात. आन ती पोरगी? दाराला धरून उभी. त्यो तिच्याकडं बघतो आन म्हणतो, आपण कोण. मला तितं लई वाईट वाटायचं. पोरीचं न्हाई नुसतं — त्यो जो वरीसभर भात लावत व्हता, त्याचं काय झालं? त्यो कुटं गेला? त्याला नाव व्हतं, त्याला कुणी जीव लावला व्हता. त्यो मेलाच की. आन कुणी रडलं न्हाई, कारण अंग तेच राहिलं. ह्यावरनं आमची लई भांडणं व्हायची — मी म्हणायचो त्यो मेला, आन बहिरू म्हणायचा, न्हाई दादा, त्यो आत बसून असतो, त्याला कुणी हाक मारत न्हाई एवढंच —

कान लावून ऐकता तुमी. व्हय, दादा म्हणायचा. एकलाच म्हणालो मघाशी — म्हणालो. सवय झालीया. भाऊ व्हता मला. धाकटा, दीड वर्सानं. आन तुमी डबल रोल इचारायला आलाय म्हणून सांगतो, आमी जुळे न्हवतो पर सगळ्या गावाला जुळे वाटायचो. तोंड एक, चाल एक, आवाज एक. मास्तर त्याची छडी मला मारायचे. एक आई तेवढी फसायची न्हाई — रंभाबाई नाव तिचं. अंधारात पाठमोरं असलो तरी नावानं हाक मारायची. आन ताटात. भाकरी फुगती ना, तिचा वरचा पातळ पापुद्रा असतो बघा — बहिरू तेवढाच खायाचा. लहानपणापासनं. खालचा जाड भाग मला. आई वाढतानाच सोलायची, पापुद्रा त्याच्या ताटात, जाड भाकर माझ्या ताटात, आन ते असं जलमभर. मी कवा कुरकुरलो न्हाई. मोठ्याला जाड भाकर, मला वाटायचं तसंच असतं.

शहाऐंशी साल असंल. धरणावर शूटिंग आलं. हिरोनं कड्यावरनं पाण्यात उडी टाकायची व्हती आन हिरोला पोहता येत नव्हतं. बहिरू बघायला गेल्याला. पोहणारा, अंगानं नेमका तेवढाच, त्यांनी धरला त्याला, लाल शर्ट घातला, केस बसवले, आन पाठमोरा उभा केला. दोन दिसांत सात उड्या टाकल्या पठ्ठ्यानं. तिसऱ्या दिशी घरी आला त्यो पिशवी भरायलाच. दादा, म्हणाला, मुंबईला नेत्यात मला, डुप्लिकेट म्हणून. आई चुलीत लाकूड सारत राहिली. आन मी काय म्हणालो ठावं हाय? म्हणालो, तोंड दाखवायला जात्यात लोक मुंबईला, तू पाठ दाखवायला चाललास. त्यो हसला. मी चिडून म्हणालो व्हतो आन त्यो हसला. दोन वर्सं पत्रं आली, मंग आली न्हाईत.

मंग त्यो शिनेमा आमच्याच तंबूत आला. चाळीस येळा तरी दाखवला असंल मी. त्या उडीच्या वक्ताला मी भिंगात बघायचो न्हाई, पडद्याकडं बघायचो — माझा भाऊ, धा हात लांब, हवेत, पाठमोरा. माणसं हिरोच्या नावानं शिट्ट्या मारायची. आता आमच्या धंद्यात अशी रीत, की रीळ तुटलं की दोन्ही टोकाची चार-चार चित्रं कापायची आन परत चिकटवायचं. प्रत्येक आपरेटर कापायचा, म्हणून जुना शिनेमा उड्या मारत चालतो बघा. तर मी एक दिस ती उडीच कापली. रीळ तुटलं नव्हतं. मुद्दाम कापली. उघडा तो डबा — कागदावरचा, पानाचा. पानं बाजूला करा. ती कागदाची पुडी. धरा उजेडाला. दिसला? नऊ चित्रं उरलीत, बाकीची चिकटून खराब झाली. लाल रंग उडालाय, पर माणूस दिसतो. तोंड न्हाईच कुटल्याच चित्रात, नऊच्या नऊ पाठी. घरात दुसरा फोटू न्हाई त्याचा. आन मी ते कापल्यावर त्या शिनेमात काय व्हायचं — हिरो कड्यावर उभा, आन लगेच पाण्यात. मधी उडी न्हाईच. कुणाला कळायचं न्हाई की मधी कुणी एक माणूस व्हता. मला तवा वाटलं, मी त्याला जपून ठेवला. वाटलं बघा तसं.

शारदा, चा ठेव गं. — बसा, चा घेऊन जा. न्हाई, आता मधी सोडायचं न्हाई.

जागेचं सांगतो. दोन हजार पाच. आधी भूगाव गेलं, मंग हिकडं हिकडं सरकत आलं, रस्त्याकडंच्या सगळ्यांनी जमिनी इकल्या. मला गरज न्हवती, खोटं कशाला बोलू. घरात दाणागोटा व्हता. पर सगळ्यांची शिमेटाची घरं उठली, सगळ्यांच्या दारात गाड्या, मंग आपल्याच दारात शेण का, असं वाटतं माणसाला. उताऱ्यावर दोन नावं — कुशाबा आन बहिरू. एकाच्या सहीनं काम व्हत न्हवतं. तर त्यो एजंट मला निरखून बघायला लागला. म्हणाला, भाऊ तुमच्यासारखाच दिसायचा ना? मंग दोन दस्त करू. सोमवारी तुमी तुमच्या हिश्शाचा या, मिशीसकट. शुक्रवारी मिशी काढून त्याच्या हिश्शाचा या. आन मला काय वाटलं सांगू, ताई? भ्या वाटायला पायजे व्हतं. मला गंमत वाटली. मला तो काळा कागुद आठवला. अर्धा झाकायचा, अर्धा काढायचा, मंग फिल्लम उलटी फिरवायची. जलमभर मशीनमागं बसल्याला मी, मला वाटलं एकदा पडद्यावर जाऊ.

सोमवारी गेलो. नाव? कुशाबा. फोटू काढला, अंगठा घेतला. शुक्रवारी गेलो. नाव? बहिरू. फोटू काढला, अंगठा घेतला — तोच अंगठा, पर दोन कागुद शेजारी ठेवून बघतंय कोण. तितं वळख देणारे दोन लागत्यात. आमी या इसमाला जातीनं वळखतो, अशी सही करायची त्यांनी. एक माझा चुलता, त्यो आता न्हाई, आन दुसरा माऊली — हितनं तिसरं घर त्याचं, लंगोटीयार आमचा. त्यांना वाटलं बहिरू मेलाच असणार. मला पण तसंच वाटून घ्यायला बरं पडलं. आन घरी आलो तर आई ओट्यावर. माझ्या तोंडाकडं बघितलं आन उठून उभी राहिली. आमच्यात घरातलं कुणी गेलं तरच मिशी काढत्यात, ताई. म्हणाली, कोण गेलं रं? म्हणालो, कुणी न्हाई आई, असंच, गरम व्हत व्हतं. ती परत खाली बसली. पर डोळं माझ्या वठावरच व्हतं तिचं. हे जे शिमेटाचं घर बघताय ना तुमी, ते त्यातलं.

त्यो आला दोन हजार बारा साली. जेठात, भर दुपारी. हितंच बसला, तुमी बसलाय तितं. एक पाय ओढत व्हता, पाठीत मार बसल्याला कुटल्याशा उडीत. केस पांढरे. आन तरी मी बघितलं तर मला घाम सुटला, कारण सकाळी दाढी करताना जे तोंड बघितलं व्हतं तेच समोर बसल्यालं. दादा, म्हणाला. एवढंच. जमिनीचं इचारलं न्हाई. खरं सांगतो, एका शब्दानं न्हाई. त्याला पायजे व्हता रहिवासी दाखला. तवा ते आधार कार्डाचं सुरू झाल्यालं, आन मुंबईत त्याला कुणी बहिरू म्हणत न्हवतं, कसल्या कसल्या नावानं वळखायचे, कागुद एक न्हाई. म्हणाला, दादा, गावात कुणीतरी म्हणायला पायजे की मी मी हाय, मंग मी जातो.

ते ऐकून लोक जमले. माऊली आला. बहिरू त्याला बघून उठला, माऊली माऊली करत हात पुढं केला. आन माऊली दोन पावलं मागं सरकला. काय करंल त्यो? त्याची सही व्हती. म्हणाला, आपण वळखत न्हाई बुवा. मंग सगळे माझ्याकडं बघायला लागले. आन मी — आता हे तुमच्या ह्या रेकॉर्डच्या मशीनमधी जातंय का? जाऊ द्या. मी म्हणालो, माझा भाऊ सात वर्सांमागं येऊन सही करून परत गेला, कागदावर त्याचा फोटू हाय. ह्यो कोण मला ठावं न्हाई. असं म्हणालो, त्याच्या तोंडाकडं बघत.  त्यो नुसता माझ्या मिशीकडं बघत राहिला, आन मला वाटतं त्याला तितंच सगळं कळलं.

मंग कुणीतरी म्हणालं, रंभाबाईला इचारा की. आईला कळंलच. मी घरात पळालो. आई चुलीपाशी भाकरी थापत व्हती, तिला बाहेरचं सगळं ऐकू गेल्यालं. मी तिचे पाय धरले. म्हणालो, आई, तू व्हय म्हणालीस तर मला बेड्या पडत्यात. ती उठली. हात पिठाचे तसेच. बाहेर आली, त्याच्यासमोर उभी राहिली. तंबूत असतं तर हितं वाजवायला लागले असते, सगळ्या बायांनी पदर डोळ्याला लावला असता. कायबी वाजलं न्हाई. तिनं त्याच्याकडं लई वेळ बघितलं — डोक्यावरनं हात न्हाई फिरवला, पीठ व्हतं ना हाताला — आन म्हणाली, न्हाई, माझा न्हवं. पर दारात आलाय, जेवून जाऊ दे.

बसवला त्याला सोप्यात. लोक बाहेर उभेच. आईनं ताट आणलं, आमटी वाढली, कांदा ठेवला. आन मंग त्याच्यासमोर बसून तिनं तीन भाकरी घेतल्या, एकेकीचा पापुद्रा सोलला, सावकाश, न मोडता, आन तिन्ही त्याच्या ताटात ठेवले. खालचा जाड भाग बाजूला ठेवून दिला. बाहेरच्यांना काय कळणार त्यातलं. आमा तिघांना कळलं. त्यो खाली मान घालून जेवला. सगळं खाल्लं. हात धुतला, टोपी घातली, आन तिच्या पाया पडला — परक्याच्या पडत्यात तसा, लांबनं. म्हणाला, जेवण लई चांगलं झालं, काकू. येतो. — काकू म्हणाला, ताई. आईला. आमाला सोडवलं त्यानं. पाय ओढत गेला ह्या रस्त्यानं, आन मी त्याची पाठ बघत उभा राहिलो. जलमात तेवढीच बघितली म्हणा मी त्याची, पाठच.

राहू द्या फोन. त्यांचाच हाय. सांगतो.

दुसऱ्या दिशी सकाळी मी चूळ भरत व्हतो, तर आईनं आतनं हाक मारली — बहिरू, चा झाला रं. मी इकडं तिकडं बघितलं. मला वाटलं चुकून आलं तोंडात. जेवायला बसलो तर माझ्या ताटात पापुद्रा. म्हणालो, आई, मी कुशाबा. तिनं ऐकलंच न्हाई. त्या दिवसापासनं मी बहिरू. लोकांना वाटलं म्हातारीला भ्रम झाला. मी डाक्टरकडं नेली. त्यानं सगळं इचारलं — सुनेचं नाव शारदा, नातवाचा जलम कवाचा, म्हस कवा व्याली — सगळं बिनचूक. एकदा मीच धीर करून इचारलं, आई, मी बहिरू तर मंग कुशाबा कुटं हाय? ती भाकरी थापत व्हती. मान वर न करता म्हणाली, त्यो गेला. त्या दिशी दुपारी जेवून गेला.

सात वर्सं. सात वर्सं तिनं मला पापुद्रा वाढला आन मी खाल्ला. मला आवडत न्हाई, घशाला चिकटतो. न खाऊन कसं चालंल, बहिरू हाय ना मी. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं जीवच लावला — त्याचा जीव मला लावला. मला डोक्याला तेल लावायची म्हातारपणी, लहानपणी त्याला लावायची तसं. मी म्हणत व्हतो ना मघाशी, भात लावणारा त्यो कुटं गेला? तर त्यो मी. मरताना माझा हात धरून म्हणाली, बहिरू, कुशाबाला म्हणावं, तुझी जाड भाकर ठेवलीया. आन गेली. आन तवापासनं माझं नाव कुणी घेतल्यालंच न्हाई, ताई. तुमी म्हणाल घरात माणसं हायेत की. हायेत. शारदा जुन्या वळणाची, ती नवऱ्याचं नाव घेत न्हाई, अवं म्हणती. पोरं आबा म्हणत्यात, गाव आबा म्हणतं. कुशाबा म्हणणारे दोनच व्हते, एक आई आन एक माऊली, आन माऊली त्या दिवसापासनं माझ्याशी बोलत न्हाई. तुमचं स्वत्व आतनं येत असंल पुस्तकात. मला तर वाटतं ते बाहेरनं येतं. कुणी हाक मारली की येतं, न्हाई मारली तर बसतं कुटंतरी आत.

काल सकाळी आमचा पोलीसपाटील आला. नवा पोरगा हाय, त्याला मागचं काय ठावं न्हाई. मोबाईल पुढं केला, म्हणाला, आबा, दचकू नका, मुंबईकडनं एका चौकीतनं फोटू आलाय, निवाऱ्यातला म्हातारा गेला, पिशवीत चिठ्ठी सापडली, तिच्यावर माले, मुळशी एवढंच. बघा तर, हा अगदी तुमच्यासारखाच दिसतोय. बघितलं मी. माझंच तोंड, ताई. डोळं मिटल्यालं, दाढी वाढल्याली. तोंड दिसलं म्हणायचं एकदाचं फोटूत. डबल रोलमधी शेवटी एकाला मरावंच लागतं, दोघं राहिले तर गोष्ट मिटत न्हाई. आन जो मरतो त्यो दुसऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून मरतो, तसं दाखवत्यात. हा एकलाच गेला.

कालपासनं त्या चौकीतनं फोन येत्यात, वळख पटवायला या म्हणत्यात. दोन दिस वाट बघणार, मंग बेवारस म्हणून उरकणार. आज दुसरा दिस. मी जाऊन म्हणालो की ह्यो बहिरू, तर मंग दोन हजार पाच साली बहिरू म्हणून कोण आला व्हता, हे कुणीतरी इचारणारच. माऊली पण अडकंल. पोरगा म्हणतो, आबा, गप बसा, गेलेला माणूस गेला. शारदा कालपासनं जेवली न्हाई, तिला वाटतं मी जाऊ पण नये आन न जाता राहू पण नये. म्हणून तर तुमाला या म्हणालो आज. शिनेमाचं बोलू, तेवढाच वेळ जाईल, संध्याकाळ व्हईल, त्यांचं ते उरकत्याल. असा हाय मी. लिवा बुकात.

परत वाजला.

त्यो आपण कोण म्हणला तवा त्या पोरीनं तरी एकदा हाक — न्हाई, त्यो आत बसून असतो म्हणायचा बहिरू. कुणी हाक मारत न्हाई एवढंच.

थांबा. आणा हिकडं.

हॅलो. … व्हय, मालेवरनंच. … व्हय, बघितला फोटू. … न्हाई साहेब, बेवारस न्हाई त्यो. तसं लिवू नका. … वळखतो. … नाव लिवा बहिरू. … आईचं नाव रंभाबाई, ते पण लिवा. … खात्री हाय. माझा भाऊ हाय. सख्खा, धाकटा. … कागुद न्हाई कायबी. मी येतो ना, माझं तोंड बघा, तेच कागुद. … आज निघतो. … माझं? … माझं नाव, साहेब … कुशाबा. … व्हय. कुशाबा.

द्या तो कागुद, ताई. पेन द्या. हितंच ना, खाली? — घ्या. आन ती नऊ चित्रं राहू द्या, पुडीत बांधा परत, मला न्यायची हायेत. चा झाला असंल, पर आता नको. जावा तुमी.